शाळेसमोरची आरती

“झांज कुठं ठेवलीस गं?” हौसाआत्यांनी विचारलं आणि ह्यांच्या हातातला चहा थेट विजारीवर सांडला.

“आत्या, झांज नको,” हे पाय झटकत म्हणाले. “घंटा नको, टाळ्यापण नकोत. हळू आवाजात म्हणू या आरती.”

“हळू आवाजात? आरती?” आत्या माझ्याकडं वळल्या. “इंदू, ह्याच्या कपाळाला हात लावून बग. ताप हाय ह्याला.”

ताप नव्हता, भीती होती. आणि ती काही उगीच नव्हती.

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. आमच्या जिवाभावाची माणसं अजून तिथं राहतात, आणि नाव कळून तुम्हाला तरी काय करायचंय? राजधानीचं शहर, मधून नदी, हाडं गोठवणारा हिवाळा, एवढं पुरे. हे मूळचे इचलकरंजीतले मागाचे जॉबर, म्हणजे माग बसवणारे नि दुरुस्त करणारे. तिथल्या एका गिरणीनं नवे माग घेतले, ते बसवायला ह्यांना बोलावलं, आणि करार वाढत वाढत आम्ही तिथलेच होऊन गेलो. हौसाआत्या ह्यांच्या वडिलांची बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच ह्यांना वाढवलेलं. त्या वर्षी मी हट्टानं त्यांना बोलावून घेतलं, तर त्या विमानात मांडीवर गणपतीची मूर्ती घेऊन आल्या. प्रवासभर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही म्हणे, उठावं लागलं तर देव कुणाकडं द्यायचा म्हणून.

त्या आल्या आणि पाठोपाठ निवडणूक झाली. अध्यक्ष कितव्यांदा उभे होते ते तिथल्या लोकांनाही आठवत नव्हतं. या खेपेला मात्र समोर एक बाई खरोखरीची उभी होती, आणि तिला मत द्यायला लागलेल्या रांगा आम्ही आमच्या खिडकीतून बघितल्या होत्या. लोक अजून रांगेतच, आणि रेडिओवर सांगून मोकळे की अध्यक्ष प्रचंड मतांनी निवडून आले! आता बोला. लोक पेटले. मोर्चे निघाले, मग बंदुका निघाल्या, माणसं गाड्यांत कोंबून नेली. मोर्चे मोडल्यावर लोकांनी नवीनच काढलं. संध्याकाळी सरकारी बातम्या लागल्या की घराघरांतून बायका खिडकीत यायच्या आणि पातेली बडवायच्या, म्हणजे अध्यक्षांचा आवाज कुणाच्या कानावर पडायला नको. सरकारनं त्याच्यावरही तोड काढली. ज्या जिन्यातून आवाज येईल त्या अख्ख्या जिन्याची वीज तोडायची आणि वाजवणाऱ्याला उचलायचं. एकीच्या पातेल्यापायी सगळ्यांच्या घरात अंधार. मग शेजारीच शेजाऱ्यांना गप्प करायला लागले आणि शहर चिडीचूप झालं. सरकारला हात हलवायची गरजच उरली नाही.

आमच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडं, एक मोठी शाळा होती. पोरांना सुट्टी देऊन तिथं धरलेली माणसं ठेवली होती. बाकं आवारात फेकलेली, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. भिंतीशी उभं राहून कुणा बाईनं आतल्याला नावानं हाक मारली तर तिलाही आत घ्यायचे. दोघी-तिघी तशा गेल्यावर हाका बंद झाल्या.

आमच्या समोरच्या दारात नाझीरा राहायची. तिचा नवरा रुस्तम ट्राम चालवायचा. पहिल्याच मोर्च्यात गेला तो परत आला नाही. नाझीरा रोज डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी जाई. शिपाई डबा ठेवून घेई. तुम्ही म्हणाल, घेतात म्हणजे नवरा आत आहे. तसंही नव्हतं. शेजारच्या जिन्यातल्या एकीचा डबा ते नेमानं घेत राहिले, आणि तिचा नवरा निघाला परगावच्या इस्पितळात. मेले शिपाईच डबे खात होते. त्यामुळं नाझीराला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. रुस्तम समोरच आहे, दुसऱ्या कुठल्या तुरुंगात आहे, की कुठंच नाही.

“तो तिथं आहे एवढं कळलं ना इंदू,” ती म्हणायची, “तर मी हिवाळाभर वाट बघीन. हूं की चूं करणार नाही.” आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या पत्र्यांकडं बघत बसायची. मला तिच्याकडं बघवत नसे.

अशात चतुर्थी आली. आत्यांनी कपाटावर मूर्ती बसवली, अंगणातल्या झाडांचा पाला आणून आरास केली, सकाळी पूजा झाली, मोदक झाले. आणि संध्याकाळी हा झांजेचा प्रश्न निघाला.

“मी देवाला एवढ्या लांब आणलं ते त्येच्या कानात कुजबुजाय न्हवं,” आत्या म्हणाल्या आणि झांज त्यांनी स्वतःच शोधून काढली. ह्यांनी खिडकी लावली. आत्यांनी ती उघडली, म्हणे कापराचा धूर कोंडतो. ह्यांनी पुन्हा लावली. आत्यांनी नुसतं बघितलं, तशी ह्यांनीच ती उघडली.

आमच्या घरात आरतीला ताट पळीनं वाजवायची रीत आहे. झांज एकच, मग बाकीच्यांनी काय करायचं? मी स्टीलचं मोठं ताट आणि पळी घेतली. ह्यांनी निरांजन धरलं. आत्यांनी जो सूर लावला! त्यांचा आवाज म्हणजे भोंग्याची गरज नाही. आणि नेमक्या त्याच वेळेला बातम्या लागायच्या, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पहिलं कडवं झालं असेल नसेल, वरच्या मजल्यावर काहीतरी वाजलं. मग खाली वाजलं. मग शेजारच्या जिन्यात. मला वाटलं आमच्याच ताटाचा आवाज घुमतोय. आमची एकामागून एक आरती चाललेली, डोळे मिटलेले, आणि बाहेर सगळी इमारत पातेली बडवायला लागलेली. पलीकडच्या गल्लीतून आवाज आला, त्याच्या पलीकडून आला. शेवटी आम्ही स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली, आत्यांनी गजर केला, “गणपती बाप्पा!” आम्ही म्हटलं, “मोरया!” आणि थांबलो. बाहेरचं काही थांबेना.

आत्यांचा चेहरा फुलला. “बगा की! म्हनं हितं आपला एकट्याचाच गणपती हाय. ह्यो सगळ्या गावात गणपती बसलाय!”

हे मटकन खुर्चीवर बसले.

झालं होतं ते असं. शेजाऱ्यांना वाटलं, परदेशी माणसं, ज्यांना एका सहीनं हाकलून देता येतं, ती भांडी वाजवतायत आणि आपण गप्प बसलोय. लाज वाटली एकेकाला. आम्ही धाडसी वगैरे कुणी नव्हतो हो. आम्ही आपले देवाची आरती करत होतो!

जिन्यात बूट वाजले. आमच्या भागाचा फौजदार आला, तरणा पोर, मिशी नुकतीच जमवलेली. मागं दोन शिपाई. दारात उभं राहून त्यानं माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं, पळीकडं बघितलं.

“सापडलात,” तो म्हणाला.

“साहेब, पूजा आहे,” मी तिथल्या भाषेत म्हटलं. बाजारहाट करण्याइतपत मला ती येत होती. “आमचा सण आहे. हा आमचा देव.”

त्यानं आत येऊन मूर्ती न्याहाळली. सोंड बघितली, उंदीर बघितला. “देवापुढं ताट वाजवतात?”

“आमच्यात वाजवतात.”

“कोण सांगतं असं?”

तेवढ्यात आत्या पुढं आल्या. पोरगं दारात आलंय आणि रिकाम्या हातानं जाईल हे त्यांना चालण्यासारखंच नव्हतं. त्यांनी मोदक पुढं केला. त्यानं गोंधळून डावा हात पुढं केला, तर आत्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. “उजवा! प्रसाद हाय त्यो.” शिपायांनी श्वास रोखला. फौजदारानं उजवा हात पुढं केला. मोदक खाताना त्याच्या हनुवटीवर गुळाचा पाक ओघळला तो आत्यांनी पदरानं पुसला. तो लाल झाला.

“परदेशी माणसांना घरात पूजा करायला मुभा आहे,” तो घसा खाकरून म्हणाला. “किती दिवस चालणार हे?”

“दीड दिवस!” हे घाईनं म्हणाले. “उद्या संपलंच म्हणून समजा!” परदेशात आल्यापासून आम्ही गणपती खरंच दीड दिवसावर आणला होता, गिरणीत रजा मिळत नाही म्हणून.

उघड्या दारात शेजारीपाजारी गोळा झाले होते. नाझीरा सगळ्यांत पुढं होती. हातात अजून तिचं पातेलं होतं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जिवंत दिसत होता. ‘दीड दिवस’ ऐकून तिचा हात खाली आला.

“काय म्हनतोय त्यो?” आत्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“दीड? कुनाच्या घरी?” आत्या ह्यांच्यावर कडाडल्या. “आपल्यात गौरीसंगं जातो गणपती. गौरी जेवल्याबगर देव जाग्यावरनं हालत न्हाई. सांग त्येला.”

मी एकदा ह्यांच्याकडं बघितलं. हे मान हलवून नको नको म्हणत होते. मग मी नाझीराकडं बघितलं.

“आठवडाभर,” मी फौजदाराला म्हटलं. “देवाचा नियम आहे, साहेब.”

“ठीक आहे. पण आवाज फक्त या घरातून,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुठल्या घरातून आला तर जिन्याची वीज जाईल आणि तुम्ही तुमच्या देशात. कळलं?”

तो गेल्यावर हे माझ्यावर जे भडकले म्हणता! “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एका शेऱ्यात करार संपेल. पोटावर पाय आणतेस!” त्यांचंही चूक नव्हतं. नाझीरा अजून दारातच होती. तिला आमची भांडणं कळली नाहीत, ती वेगळाच विचार करत होती.

“आवाज या घरातूनच आला पाहिजे ना?” ती हळूच म्हणाली. “मग आम्ही या घरात येतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या त्या दोन खोल्यांत मुंगी शिरायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरची माणसं, खालची, शेजारच्या जिन्यातली, आणि प्रत्येकाच्या हातात ताट नाहीतर पातेलं नि डाव. तळमजल्यावरच्या सोफ्याआजी तर चक्क आंघोळीचं घमेलं घेऊन आल्या. त्यांचा नातू दावित शाळेत असावा असं त्यांना वाटत होतं. आत्यांनी सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, पादत्राणं बाहेर काढायला लावली, आणि पुरुषांना टोप्या नाहीत म्हणून डोक्यावर रुमाल बांधायला लावले. भाषेचा काही प्रश्नच आला नाही. आत्या मराठीत बोलायच्या आणि लोक ऐकायचे.

शब्द कुणाला येत नव्हते, पण ठेका दुसऱ्याच दिवशी बसला. प्रदक्षिणेला मात्र गंमत यायची. एवढ्या गर्दीत सगळे स्वतःभोवती फिरायला लागले की कोपरं लागायची, कुणी उलटं फिरायचं, सोफ्याआजींना चक्कर यायची आणि सगळे खो खो हसायचे. कित्येक दिवसांत त्या इमारतीत कुणी हसलं नव्हतं. शेवटी आत्या गजर करायच्या आणि एवढा मोठा “मोरया” व्हायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. हा शब्द त्यांना फार आवडला. अर्थ काय म्हणून विचारलं तर मलाही नीट सांगता येईना. “देवाला हाक मारली की असं म्हणायचं,” मी सांगून टाकलं.

फौजदार रोज खाली रस्त्यावर उभा राहून वर बघायचा. आवाज एकाच घरातून येत होता. त्याला काही करता येईना.

चौथ्या संध्याकाळी हे गिरणीतून लवकर आले आणि येताना कुठूनतरी पितळेच्या मोठ्या झांजा घेऊन आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “एक झांज पुरत नाही एवढ्या माणसांना.” मी चहा ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमचं भांडण त्या चहाबरोबर मिटलं.

नाझीरा नेहमी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटून उभी राहायची आणि ताट बाहेरच्या बाजूला धरून वाजवायची. आरती संपली की कान लावून थांबायची. शाळेतून काही म्हणजे काही येत नसे.

“आत ऐकू जात असेल का गं?” ती मला विचारायची.

“जात असणारच.”

“मग कुणीच काही का करत नाही?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची, एवढंच. दिवस चालले होते, आणि तिच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर काही मिळत नव्हतं.

गौरी जेवल्या. विसर्जनाचा दिवस आला. पाचापेक्षा जास्त माणसांनी रस्त्यात जमायचं नाही असा हुकूम होता. दुपारी हे देवाला पाटावर घेऊन, डोक्याला टोपी घालून खाली उतरले, मागं आत्या, मी, आणि आमच्या मागं अख्खी इमारत. फौजदार इमारतीच्या फाटकातच उभा.

“हे काय? नदी मागच्या बाजूला आहे,” तो म्हणाला. “मागच्या दारानं जा, तुम्ही तिघं, आणि बुडवून या.”

मी आत्यांना सांगितलं. आत्यांनी कमरेवर हात ठेवले. “देवाला मागल्या दारानं न्यायला त्यो काय चोर हाय? हमरस्त्यानं न्यायचं, वाजतगाजत. गाव दाखवायचं त्येला. आनि एकट्यानं कोन पोचवाय जातंय? सगळी जात्यात पोचवाय.”

मी जमेल तसं सांगितलं. फौजदारानं गर्दीकडं बघितलं. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू, डोक्याला रुमाल, हातात पातेली.

“हे सगळे या देवाचे भक्त आहेत?”

“हो साहेब. अलीकडंच झालेत.”

त्याच्या मिशा हलल्या. मला वाटलं आता गाडी बोलावतो. तो बाजूला सरला. “सूर्य मावळायच्या आत रस्ता मोकळा पाहिजे,” एवढंच म्हणाला आणि आमच्याबरोबर चालायला लागला.

आम्ही हमरस्त्यानं निघालो. शाळेची भिंत आली तशा आत्या थांबल्या. देव नेताना वाटेत थांबून आरती करतात, ते काही नवल नव्हतं. पण आत्यांनी जागा बरोबर निवडली. त्यांना सगळं कळत होतं हे मला तेव्हा कळलं. रस्त्यात पाट ठेवला, कापूर लावला आणि आरती झाली. प्रदक्षिणा झाली. रस्ता मोठा होता, त्यामुळं कुणाची कोपरं लागली नाहीत.

“गणपती बाप्पा!” आत्यांनी गजर केला.

“मोरया!”

“गणपती बाप्पा!”

“मोरया!”

तिसऱ्यांदा आत्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आठवडाभर ओरडून घसा बसला होता. क्षणभर सगळे ताटकळले. आणि माझ्या बाजूला उभ्या सोफ्याआजी, भिंतीकडं तोंड करून, सगळा जीव एकवटून ओरडल्या, “दावित!”

लोकांना सवयच लागली होती. हाक आली की उत्तर द्यायचं. सगळे एका आवाजात म्हणाले, “मोरया!”

आणि वर, पत्रा ठोकलेल्या एका खिडकीमागून, बारीक पण स्वच्छ आवाज आला. “मोरया!”

सोफ्याआजींनी घमेलं छातीशी धरलं. आतल्यांनी ऐकलं होतं. सगळं, रोज, शब्दन् शब्द ऐकलं होतं. नावानं हाक कुणी मारली नव्हती, मग त्यांनी ओ तरी कुणाला द्यायची?

फौजदार लांब ढांगा टाकत माझ्यासमोर आला. “हे काय चाललंय?”

“देवाची नावं घेतोय, साहेब.”

“दावित?”

“आमच्या देवाला हजार नावं आहेत.” माझं तोंड आपलं चालत होतं.

“आणि ती आमच्या भाषेतली आहेत?”

“काय म्हनतोय?” आत्यांनी बसक्या आवाजात विचारलं. मी सांगितलं. “सांग त्येला, देव ज्या गावात जातो त्या गावचं नाव लावतो.”

मी तसं सांगितलं. फौजदारानं शाळेच्या फाटकावरच्या शिपायांकडं बघितलं. ते आपले साहेब काय म्हणतात याची वाट बघत होते. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. सगळं, करार, घर, ह्या सगळ्यांची वीज आणि स्वातंत्र्य, त्या पोराच्या जिभेवर होतं.

“हजार?” तो म्हणाला. “हजार घेतलीत तर रात्र होईल. भराभर घ्या.” आणि तो भिंतीकडं पाठ करून उभा राहिला.

मग काय विचारता! एकेक बाई पुढं यायची, नाव घ्यायची, सगळे मोरया म्हणायचे आणि कान टवकारायचे. कुठून तळमजल्यावरून उत्तर यायचं, कुठून मागच्या बाजूनं. उत्तर आलं की ती बाई रडायची आणि बाकीच्या तिला मिठी मारायच्या. आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या उंच बाईला मात्र उत्तर आलं नाही. तिनं दोनदा हाक मारली. मग डोक्याचा रुमाल नीट केला आणि दुसऱ्यांच्या नावाला मोरया म्हणायला परत रांगेत उभी राहिली. तिचा मुलगा दुसऱ्याच शहरात होता, पुढं सुखरूप परत आला. पण त्या दिवशी तिला ते कुठं माहीत होतं? तिची आठवण आली की मला अजून भरून येतं.

नाझीरा काही पुढं येईना. सगळ्यांत मागं, दिव्याच्या खांबाला धरून उभी होती.

“अगं चल ना,” मी तिचा हात ओढला. “आत्ता नाही तर कधी?”

“नको.”

“वेडी आहेस का? हेच तर तुला कळायला हवं होतं!”

“त्या उंच बाईसारखं झालं तर?” तिचे ओठ पांढरे पडले होते. “आत्तापर्यंत तो आत असू शकतो, इंदू. मी हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मग मी रोज सकाळी उठून डबा कुणासाठी करू?”

तिकडं नावं संपत आली होती. फौजदारानं घड्याळ बघितलं. हे पाट उचलायला वाकले.

आत्या आमच्याकडं बघत होत्या. भाषा कळत नव्हती, पण त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी माझ्या खांद्याला धरून विचारलं, “हिच्या मालकाचं नाव काय गं?”

“रुस्तम.”

आत्यांनी पाण्याचा घोट घेतला, खाकरल्या, आणि सगळ्या इचलकरंजीला ऐकू जाईल अशा फाटक्या आवाजात ओरडल्या, “रुस्तुम!”

“मोरया!” सगळा रस्ता म्हणाला.

नाझीरानं डोळे गच्च मिटले. शाळेतून काही आलं नाही. ह्यांनी पाट तसाच धरून ठेवला होता. आत्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

“रुस्तुम!”

“मोरया!”

आणि मग अगदी वरच्या मजल्यावरून, कोपऱ्यातल्या खिडकीमागून, घोगरा, खोकला लागलेला आवाज आला. “मोरया! मोरया! अगं आहे मी, आहे! झोप लागली होती!”

नाझीरानं डोळे उघडले. मला वाटलं ती आता कोसळणार, म्हणून मी तिला धरायला गेले. तर माझा हात झटकून ती तरातरा भिंतीपाशी गेली, मान वर केली, आणि जी सुरू झाली! झोप लागली होती? इथं मी जागून जागून मरायला टेकलेय आणि तुला झोप लागते? पुढं जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं की नाही? बहिरा आहेस का? बूट तरी धड घालून गेलास का? खोकला कधीपासून आहे? औषध घेतलंस का? बोलत का नाहीस आता? वरून तो मधून मधून “हो गं, हो गं” म्हणत होता, आणि ती त्याला एकही वाक्य पुरं करू देत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. रस्ताभर माणसं हसत होती, रडत होती. फौजदाराची पाठ गदगदत होती.

आत्या मन लावून ऐकत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. थोड्या वेळानं त्यांनी समाधानानं मान डोलवली आणि झांज पिशवीत ठेवली.

“चला रं, देवाला उशीर हुतोय,” त्या म्हणाल्या. “नवराच हाय तिचा.”